गुलशनबाईंचे सव्वादोन तास

माणूस दगावलं की आमच्या दवाखान्यात एक वाक्य बोलायची पद्धत होती. "उशिरा आणलंत." डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचे, हातमोजे काढायचे, नातेवाइकांकडे न बघता एवढंच म्हणायचे आणि चहाला जायचे. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. ताम्हिणीकडून, डोंगरातल्या वस्त्यांवरून माणूस पौडला पोचेपर्यंत निम्मा जीव वाटेतच गेलेला असायचा. पण दर वेळी ते खरं असायचं असं नाही. त्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं नर्स होते. हे वाक्य मी नुसतं ऐकलेलं नाही, त्याच्यामागे मान खाली घालून उभीही राहिले आहे. त्याची लाज मला अजून वाटते.

माझ्याबरोबर तशीच उभी राहिलेली दुसरी बाई म्हणजे गुलशनबाई. हे त्यांच्याबद्दल आहे.

गुलशन मण्यार. पौडच्या पेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. वडील गेल्यावर आई चाँदबी आणि भाऊ जैनुद्दीन ते चालवायचे. आसपासच्या वीस-पंचवीस गावांतल्या बायकांच्या हातात चाँदबीनं चुडा भरलेला असायचा. गुलशनबाई मात्र पुण्याला जाऊन नर्सिंग शिकून आल्या आणि ऑपरेशनच्या खोलीच्या मुख्य सिस्टर झाल्या. लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही, आणि ज्यांची झाली त्यांना मिळालेली उत्तरं इथे लिहिण्यासारखी नाहीत. उंची चार फूट नऊ इंच. आवाज मात्र पार फाटकापर्यंत जायचा. मी माले गावची, शहात्तर साली नवीकोरी येऊन त्यांच्या हाताखाली पडले. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुळजे, हितं चक्कर येऊन पडायचं असलं तर भिंतीकडे पड. टेबलाकडे पडलीस तर मीच मारीन."

आता ते टेबल. आमचे डॉक्टर सहा फूट उंच आणि पाठदुखीनं बेजार. त्यांनी टेबलाच्या चारही पायांखाली विटा घालून घेतल्या होत्या. त्यांची पाठ वाचली. गुलशनबाईंच्या छातीपर्यंत ते टेबल आलं. मग त्या सलाईनच्या बाटल्यांचं रिकामं लाकडी खोकं पालथं घालून त्यावर उभ्या राहायच्या. पाऊल इकडचं तिकडे करायला जागा नाही, एका अंगाला जरा भार गेला की खोकं डुगडुगायचं. रोज हत्यारं उकळायच्या आधी मी ते खोकं पुसून जागेवर ठेवायची. हे असं चालत नाही, असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांच्याही नाही. आम्हा बायकांना अडचणीत उभं राहायची इतकी सवय असते की अडचण दिसतच नाही.

दवाखान्यात दुसरा डॉक्टर नव्हता. त्यामुळे पोटाचं ऑपरेशन असलं की गुलशनबाईंना दोन माणसांचं काम करावं लागायचं. डाव्या हातानं हत्यारं द्यायची आणि उजव्या हातानं आकडा धरायचा. आकडा म्हणजे वाकवलेली रुंद पोलादी पट्टी. पोट उघडलं की कड मागे ओढून धरायची, म्हणजे डॉक्टरांना आतलं दिसतं. ओढून धरायचं म्हणजे धरायचंच. हलायचं नाही, सैल सोडायचं नाही, हात बदलायचा नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यांत हे आपोआप धरून ठेवणारं यंत्र असतं असं आम्ही ऐकून होतो. आमच्याकडे गुलशनबाई होत्या.

सत्त्याहत्तरच्या मार्गशीर्षात कोंडीबा लोहाराची बायको आली. भिमाबाई. कोंडीबा आमच्या मालेचाच, त्यामुळे मी दोघांनाही ओळखत होते. तो सांडशीनं लोखंड धरायचा आणि ती घण मारायची. घणाचा आवाज थांबला की गावाला कळायचं, भिमाबाई जेवायला बसली. पहिलटकरीण, आदल्या दुपारपासून अडलेली. बैलगाडीतून आणली तेव्हा साडेदहा वाजले होते. मूल पोटातच गेलं होतं आणि पिशवी फाटली होती.

तिच्या दोन्ही हातांत भरगच्च हिरव्या बांगड्या होत्या, सातव्या महिन्यात चाँदबीनं भरलेल्या. ऑपरेशनला बांगड्या चालत नाहीत. पण गरवार बाईच्या हातातला चुडा वाढवायचा म्हणजे तिला जिवंतपणी मारण्यासारखं, हे गुलशनबाईंना मण्याराच्या घरात जन्मून कुणी सांगायला नको होतं. त्यांनी एक रीत पाडली होती. बांगड्यांवरून गॉजच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या, मनगटापासून कोपरापर्यंत. आवाज नाही, काच नाही, बाईचा जीवही शांत. भिमाबाईनं भूल चढता चढता विचारलं, "शिस्टर, एक बी वाढवली न्हाई ना?" गुलशनबाई म्हणाल्या, "एक बी न्हाई. मोजून घे उठल्यावर."

अकराला सुरू झालं. मी डोक्याशी, इथरची बाटली आणि नाडी सांभाळत. बारा वाजले, साडेबारा वाजले. गुलशनबाईंच्या कपाळावरचा घाम मी दोनदा पुसला. तिसऱ्यांदा पुसायला गेले तेव्हा त्या पुटपुटल्या, "हाताला मुंग्या यायच्या थांबल्यात." मला वाटलं, बरं झालं. मुंग्या थांबल्या म्हणजे हात बधिर झाला, हे समजायची अक्कल तेव्हा मला नव्हती.

सव्वाला डॉक्टर शेवटची मोठी शीर बांधत होते. खोकं डुगडुगलं की नुसता हात गेला, ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. आकडा सुटला. डॉक्टरांच्या चिमट्याला धक्का बसला, चिमटा निसटला आणि सगळं रक्तानं भरलं. त्यांनी पुन्हा शीर धरली, बांधली. पण आधीच रक्त कमी असलेली बाई ती. पुण्याहून रक्ताची बाटली यायला तीन तास लागायचे. माझ्या बोटांखालची नाडी दोरा ओढून घ्यावा तशी निघून गेली. डॉक्टर तिची छाती दाबायला लागले. तिचे हात फळीवर पसरलेले, प्रत्येक दाबाबरोबर हलत होते. आणि त्या गॉजच्या आतून बांगड्या वाजत होत्या. दबलेला, गुदमरलेला आवाज. कुणीतरी तोंडात पदर धरून रडावं तसा. दहा मिनिटं तो आवाज चालला होता. मग डॉक्टरांनी हात काढले आणि तो थांबला.

बाहेर व्हरांड्यात कोंडीबा उभा होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "उशिरा आणलंत."

तो म्हणाला, "व्हय साहेब. एक तास." डॉक्टर पुढे गेले होते. मग तो आम्हा दोघींकडे बघून म्हणाला, "हैबतरावांच्या गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची व्हती. इस्तवात तापून लाल झालेली. ती म्हन्ली, चला आता. म्या म्हन्लं, तापलेली धाव सोडून कसा येऊ, तेवढी चढवतो. एक तास ग्येला."

मी गुलशनबाईंकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. मग ते मिटलं.

त्यांनीच आत जाऊन भिमाबाईच्या हातावरचा गॉज सोडला. सवाष्ण गेली, चुड्यासकट जाणार. एकही बांगडी पिचली नव्हती. गुलशनबाईंनी त्या एकेक करून मोजल्या, मोठ्यानं, दोन्ही हातांच्या. बावीस होत्या. मी म्हटलं, "बाई, चला." तर म्हणाल्या, "उठल्यावर मोज म्हटलं होतं मी तिला."

त्यानंतर त्यांना तो आवाज यायला लागला. आकडा हातात घेतला, पंधरा-वीस मिनिटं झाली की कुठूनतरी त्या बांगड्या वाजायच्या, गॉजच्या आतून. मला विचारायच्या, "तुळजे, ऐकू येतंय?" मला येत नव्हतं. मी नाही म्हटलं की त्या मान हलवायच्या आणि आकड्यावरची मूठ आणखी आवळायच्या. घरी तर त्यांना बसवेना. तिथे दिवसभर तेच, हातात घालून बघणं, खुळखुळ, हसणं. एकदा चाँदबी सहज म्हणाली, "त्या लोहारांच्या सुनेचं मनगट, गं. घण मारून मारून पुरुषासारखं. चुडा चढवताना माझा जीव ग्येला, पर पोर हसतच व्हती." त्या दिवशी गुलशनबाईंनी आपली ट्रंक उचलली आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायला आल्या. आईला काय कारण सांगितलं कोण जाणे. स्वतःच्या हातातल्या दोन बांगड्याही त्यांनी काढून ठेवल्या. मण्याराची मुलगी रिकाम्या हातानं फिरते म्हणून पेठेत लोक कुजबुजायचे.

डॉक्टरांकडे त्या दोन वेळा गेल्या. कोंडीबाला खरं सांगू द्या, म्हणून. दुसऱ्या वेळी मी दाराशी होते. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे मी रागात असूनही लिहिते. ते म्हणाले, "सांग. उद्या पन्नास माणसं काठ्या घेऊन येतील. परवा दवाखान्याला कुलूप लागेल. तेरवा एखादी अडलेली बाई येईल, तिला कुठे पाठवायची?" याला उत्तर नव्हतं. पण ज्याला उत्तर नाही ते बरोबरच असतं असंही नाही. गुलशनबाई परत आल्या.

आणि इकडे कोंडीबा लवकर यायला लागला.

दवाखान्यात खाटांची चाकं मोड, दाराच्या बिजागऱ्या निखळ, असं काही ना काही असायचं, आणि ते काम कोंडीबाकडे होतं. नऊला ये म्हटलं की तो सहाला फाटकाशी बसलेला असायचा. शुक्रवारी द्यायची वस्तू बुधवारी आणायचा. येष्टी चुकेल म्हणून मालेहून चालत निघायचा. कुणाच्या लग्नाला गेला तर मांडव घालायच्या आधी पोचायचा. बसला तरी टेकून बसायचा नाही. धाव चढवायचं काम त्यानं कायमचं सोडलं होतं. हैबतराव घरी येऊन विनवून गेले, तरी नाही. नुसते विळे आणि खुरपी करायचा. पोरं त्याला चिडवायची, "कोंडीबा, उद्याचा सूर्य आणलास का?" मलाही आधी हसू आलं. मग एकदा सकाळी सहाला मी त्याला फाटकाशी बघितलं, डोळे तांबारलेले, हातात एक बिजागरी, आणि माझं हसू कायमचं गेलं. हे आमचं काम होतं. त्या माणसाची झोप आम्ही दोन शब्दांत काढून घेतली होती.

तीन-साडेतीन वर्षं अशी गेली. या काळात गुलशनबाईंनी एक नाद घेतला. त्या मापं घेत. गॉजची लांब पट्टी करून त्या आम्हा सगळ्या नर्सेसना भिंतीला टेकून उभं करायच्या आणि पट्टीला गाठी मारायच्या. कोपराला एक, कमरेला एक, गुडघ्याला एक. ऑपरेशन किती वेळ चाललं, कितव्या मिनिटाला कुणाची पाठ धरली, कुणाच्या पायाला गोळा आला, सगळं विचारायच्या. एकीला दर पोटाच्या ऑपरेशननंतर दोन दिवस पोळी लाटता येत नव्हती, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ते गुलशनबाईंना कळलं. क्ष-किरणाच्या जुन्या पाकिटांच्या पाठीवर त्यांनी चित्रं काढली. खोक्याच्या जागी रुंद, जड पायरी, वर टायरच्या ट्यूबचं रबर, आणि पुढे एक आडवी पट्टी, म्हणजे आलटून पालटून एकेक पाय वर टेकता येईल. हत्यारांचा ट्रे कोपराच्या उंचीला, वळावं न लागेल असा. आणि टेबलाला घट्ट बसणारा एक लोखंडी दांडा. त्याला दाते, दात्यांत अडकणारी खुंटी, टोकाला कडं, आणि त्या कड्यात आकडा. एकदा ओढून अडकवला की हात मोकळा.

मी म्हटलं, "बाई, हे करणार कोण?"

त्या म्हणाल्या, "लोहार एकच आहे."

मी म्हटलं, "त्याच्याकडून करून घेणार? ह्या कामाला? काही लाज?"

असं मी त्यांना आयुष्यात एकदाच बोलले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं तर मी त्याला कधीच सांगणार नाही, तुळजे. मला ठाऊक आहे मी कशी आहे ते."

एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत कोंडीबाला बोलावलं. दहाला ये सांगितलं, तो साडेसहाला हजर. दुपारी खोली रिकामी झाल्यावर गुलशनबाईंनी त्याला टेबल दाखवलं, विटा दाखवल्या, खोकं दाखवलं. त्यानं सगळीकडे फिरून पाहिलं आणि तो हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"शिस्टरबाई, ह्ये टेबल येका मान्साच्या मापाचं हाय. आमच्यात ऐरण घण मारनाऱ्याच्या मापाची आसती. उभं ऱ्हायचं, मूठ खाली सोडायची, मूठ जितं येती तितं ऐरण. न्हाईतर सांजच्याला कंबर ऱ्हात न्हाई." मग त्यानं टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "माझी ऐरण म्या चार बोटं खाली पुरलीया. तिची उंची कमी व्हती. आजून तशीच हाय. म्या येकटाच वाकून मारतोय."

त्यानं गुलशनबाईंना उभं राहायला सांगितलं आणि त्यांच्या मुठीपाशी आपली दोरी धरली. दोरीला आधीची एक जुनी गाठ होती. नवी गाठ मारायला गेला, तर त्याची बोटं थांबली. मूठ त्या जुन्या गाठीवरच आली होती.

काम सुरू झालं. आठवड्यातून दोनदा तो यायचा, तुकडे टेबलाला लावून बघायचा, घासायचा, परत न्यायचा. पैशाचं नाव काढू देईना. दर वेळी गुलशनबाई सकाळपासून तयारी करायच्या. आज सांगते, म्हणायच्या. आणि तो गेला की भिंतीला डोकं टेकून उभ्या राहायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. मला कुणी अडवलं होतं? मीही तिथे होतेच.

शेवटी मार्चमध्ये एक दिवस तो दांड्याची खुंटी घासत होता. कानस थांबवून म्हणाला, "बरं झालं मला ह्ये काम दिलंत. म्या तिचा येक तास खाल्ला. दुसऱ्या कुनाचा तरी येक तास माझ्या हातनं वाचंल."

गुलशनबाई म्हणाल्या, "कोंडीबादादा, खाली ठेवा ते."

त्यानं ठेवलं. आणि त्यांनी सांगितलं. उभ्यानं, हात मागे न लपवता. किती वाजता सुरू झालं, किती वाजता हात बधिर झाला, आकडा कसा सुटला, चिमटा कसा निसटला. मग म्हणाल्या, "उशिरा आणलंत हे तुम्हाला सांगितलं. हे नाही सांगितलं. मी तिथेच उभी होते आणि गप्प बसले."

कोंडीबानं आमच्याकडे बघितलंही नाही. कानस पिशवीत टाकली, हातोडी टाकली, अर्धवट दांडा तसाच टेबलावर सोडला आणि निघून गेला. फाटकापर्यंत त्याच्या पिशवीतलं लोखंड वाजत गेलं.

मग आम्ही वाट बघितली, काठ्यांची. एक दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस. कुणी आलं नाही. गुलशनबाईंनी राजीनामा लिहून उशीखाली ठेवला होता. माझ्या गावाहून निरोप आला की कोंडीबाचं दुकान बंद आहे, भट्टी पेटलेली नाही. गुलशनबाईंनी जेवण टाकलं. खोकं टेबलाशी तसंच होतं, आणि त्यावर त्या उभ्या राहिल्या की मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एकविसाव्या दिवशी तो आला. सकाळी सहाला, फाटकाशी. आम्ही आत घेतलं. तो थेट ऑपरेशनच्या खोलीत गेला. त्या दिवशी ऑपरेशन नव्हतं. म्हणाला, "त्यो आकडा द्या."

गुलशनबाईंनी दिला.

"किती वडावं लागतं?"

त्यांनी बादली मागवली, त्यात वाळू भरली, दोरीनं टेबलाच्या कडेवरून खाली सोडली आणि दोरीचं टोक आकड्यात अडकवलं. आधी स्वतः धरून बघितलं. मग दोन मुठी वाळू काढून टाकली. "एवढं," म्हणाल्या. "जास्त नको. खोटं नको."

कोंडीबानं उजव्या हातात आकडा धरला. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, सात वाजून पाच मिनिटं. गुलशनबाई म्हणाल्या, "कोपर असं. हलायचं नाही. डाव्या हातानं तुळजा मागेल ते द्यायचं." आणि मला म्हणाल्या, "माग."

मी कात्री मागितली. त्यानं दिली. चिमटा मागितला, दिला. मला रडू यायला लागलं, तरी मी मागत राहिले. वीस मिनिटं तो खांबासारखा उभा होता. लोहाराचा हात तो. पंचविसाव्या मिनिटाला त्याच्या दंडाचं मांस उडायला लागलं. पस्तिसाव्या मिनिटाला त्यानं कात्रीऐवजी चिमटा दिला. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात नव्हता. गुलशनबाईंनी पुढे होऊन गॉजनं त्याचं कपाळ पुसलं. मी म्हटलं, "कोंडीबा, सोडा आता." तो दातांतून म्हणाला, "माग."

पन्नासाव्या मिनिटाला आकडा सुटला. त्यानं सोडला नाही, सुटला. बादली दाणकन खाली आली आणि वाळू सगळ्या फरशीवर पसरली. कोंडीबा आपल्या हाताकडे बघत राहिला. बोटं अजून तशीच वाकलेली होती, उघडत नव्हती. गुलशनबाईंनी एकेक बोट धरून सरळ केलं.

"तुमी किती धरला व्हता?" त्यानं विचारलं.

"सव्वादोन तास."

तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. तिथूनच म्हणाला, "तिला कळलं का?"

"नाही. ती झोपेत होती. बांगड्या वाढवल्या नाहीत ना, एवढं विचारून झोपली."

मग तो रडला. आधी कधी रडलाच नसावा असा रडला. गुलशनबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर, फरशीवरच, वाळूत बसल्या.

"मंग माझा तास?" तो म्हणाला. "त्यो खोटा का?"

माझ्या जिभेवर आलं होतं, खोटा, सगळा खोटा, जा घरी. गुलशनबाईंनी तसं केलं नाही. म्हणाल्या, "तुमचा तासही होता. माझा हातही होता. कुणाचं किती, ते मला सांगता येत नाही, कोंडीबादादा. पण सगळं तुमच्या एकट्याच्या गळ्यात घातलं, ते खोटं."

कोंडीबानं डोळे पुसले. उठला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि सगळी वाळू स्वतः भरली. मी घ्यायला गेले तर दिला नाही. जाताना अर्धवट दांडा काखेत मारला. "मंगळवारी बसवतो. सकाळी आठ वाजता."

त्या दांड्याचं पुढे काय झालं ते आधी सांगते. सात वर्षं चालला. पायरीवर किती नर्सेस उभ्या राहिल्या, त्याला मोजदाद नाही. डॉक्टर पाहुण्यांना तो दाखवायचे आणि "आम्ही बनवून घेतला" असं म्हणायचे, यावर मी काय बोलायचे ते सोडा. आकडा पुन्हा कधी सुटला नाही. पण खुंटी दात्यात पडताना आणि कडं हलताना बारीक आवाज यायचा. म्हणून दर ऑपरेशनच्या आधी गुलशनबाई त्या कड्यावर गॉजची पट्टी गुंडाळायच्या, अगदी घट्ट. अठ्ठ्याऐंशीत नोकरी सोडेपर्यंत एकदाही चुकल्या नाहीत. त्या निघताना मी विचारलं, "अजून ऐकू येतं?" म्हणाल्या, "येतं. पण लांबून येतं आता." त्यांचं काही फिटलं नाही. फिटेल असं त्यांना वाटलंही नव्हतं. सुटका मागायला त्या कोंडीबाकडे गेल्याच नव्हत्या.

आता तो मंगळवार.

सकाळी सहाला मी फाटकाशी गेले. कोणी नव्हतं. सात वाजले. आठ वाजले. गुलशनबाई व्हरांड्यात उभ्या होत्या, तीन वर्षांपूर्वी कोंडीबा उभा होता त्याच खांबापाशी. नऊची येष्टी आली, रिकामी गेली. मी म्हटलं, "येत नाही तो. का यावं त्यानं?" त्या खांबापासून हलल्या नाहीत. दहा वाजता त्यांचे ओठ हलत होते, काय म्हणत होत्या ते मला ऐकू आलं नाही. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. मालेची विहीर, धरणाचं पाणी.

अकराच्या येष्टीतून कोंडीबा उतरला. डोक्यावर पायरी, काखेत गोणपाटात बांधलेला दांडा. सावकाश चालत आला. जवळ आल्यावर दिसलं, गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ उमटले होते आणि केस एका बाजूनं चपटे झाले होते.

ओझं खाली ठेवून तो ओशाळल्यासारखा उभा राहिला.

"डोळा लागला, शिस्टरबाई," तो म्हणाला. "ऊन अंगावर आलं तवा उठलो."

गुलशनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग व्हरांड्यातलं बाक त्याच्याकडे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा घ्या आधी. घाई नाही."

आणि कोंडीबा बसला, पाठ टेकून.